चाळीस पक्ष्यांचा खोका

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. रोज लिहायची. कितीही कामं असली तरी.

मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावून सांगितलं की १४ मार्चला सगळ्या शाळांच्या शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन आहे. पहिला येईल त्याला वरच्या ऑफिसात साहित्य-मार्गदर्शक म्हणून घेणार. म्हणजे वर्ग नाही, हजेरी नाही, पाचवी ब नाही. नुसतं शाळाशाळांतून हिंडायचं आणि इतर मास्तरांना कसं शिकवायचं ते शिकवायचं. जागा माझ्यासाठीच काढलेली दिसते. सतरा वर्षं चित्रकला शिकवली. तीन वर्षांपूर्वी परिसर अभ्यासही गळ्यात मारला. आता सुटका.

माझं साहित्य तयारच आहे. 'चला, पक्षी ओळखू या!' हाताने रंगवलेली चाळीस कार्डं. सामानाच्या खोलीत कपाटावर खोक्यात ठेवली आहेत. आणायची आणि टेबलावर मांडायची, बस.

३ फेब्रुवारी, मंगळवार
संकल्प: उद्यापासून साडेपाचला उठून पक्षिनिरीक्षण. मेहुण्याची दुर्बीण मागून आणली.

४ फेब्रुवारी, बुधवार
उठलो नाही. पक्षी काय, दिवसभर असतातच.

५ फेब्रुवारी, गुरुवार
खोका खाली काढून पाचवी ब मध्ये कार्डं वापरली, मग खोका परत कपाटावर. चाळीसपैकी चाळीस पक्षी ओळखले! पाचवी ब ने! मी स्वतः थक्क.

वर्गात एक मुलगी आहे, तिचं नाव मी 'चौकशी' ठेवलंय, कारण तिचे प्रश्न संपत नाहीत. ती मागाहून टेबलाशी येऊन म्हणाली की सर, सोपंच आहे, चहाचा डाग म्हणजे गरुड, दुमडलेला कोपरा म्हणजे खंड्या आणि मागे वाण्याची यादी लिहिलेली असेल तर बगळा. बाकी तोंडं सगळ्यांची एकच आहेत, म्हणे. मी तिला समजावलं की साचा एकच वापरला की मालिकेत एकसूत्रता येते. (वाण्याची यादी बायकोने लिहिली. घरात कागदाची कदर नाही.)

मग तिने विचारलं, यात चिमणी कुठे आहे? मी म्हटलं, चिमणी काय शिकवायची? ती सगळ्यांना येते.

१० फेब्रुवारी, मंगळवार
मैदानावर प्रत्यक्ष निरीक्षण. माझा तक्ता: पक्ष्याचं नाव, संख्या, काय करत होता. दुर्बिणीतून बघून मी कोपऱ्यातल्या झाडावरचा ससाणा दाखवला. चांगली दहा मिनिटं माहिती दिली, नजर, चोच, झेप. वारा आला तेव्हा ससाणा फुगला. प्लॅस्टिकची पिशवी होती.

अठ्ठावीस तक्त्यांवर एकच नोंद: पिशवी, १, अडकली होती.

दुर्बीण खराब आहे. बायकोला सांगितलं तर म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मुळात भाऊ तिचा, ती दुसरं काय म्हणणार.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
आज मात्र जमलं. चित्रकलेच्या तासाला लाल रंगाने मोठी पाटी केली: 'नियम पहिला. घरट्यापासून दहा पावलं लांब राहा. कुणीही. अगदी कुणीही.' खाली माझी सही, झोकदार. वर्गाला हात पुढे करून शपथ घ्यायला लावली. पाटी बघून मोठ्या बाईसुद्धा छान म्हणाल्या. गेल्या तीन वर्षांत पहिल्यांदा.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
सामानाच्या खोलीत गेलो. झडपेची काच फुटलेली आहे, मी दोन वर्षांपूर्वीच सांगणार होतो. माझ्या खोक्यात गवत, दोरे, फडक्याच्या चिंध्या. आत काहीतरी फडफडलं. दुर्मीळ पाहुणा असावा म्हणून चौकशीला बोलावलं. तिने एकदाच वर पाहिलं.

चिमणी.

२३ फेब्रुवारी, सोमवार
घाबरण्यासारखं काही नाही. मधल्या सुट्टीत खोका हळूच उतरवायचा, कार्डं काढायची, गवत परत भरायचं. पाच मिनिटांचं काम.

दारात पाच मुलं उभी. मध्ये माझीच पाटी. मी म्हटलं, मी तुमचा सर आहे. चौकशीने नुसतं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. अगदी कुणीही. खाली माझी सही. आपलेच दात आणि आपलेच ओठ!

शिपाईकाकांकडे स्टूल मागितलं तर म्हणाले, मोडलंय. त्याच स्टुलावर बसून ते चहा पीत होते.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
काठीला आरसा बांधून पाहिलं. चार अंडी. माझ्या कार्डांवर. बहुधा गरुडावर.

२ मार्च, सोमवार
मुलांनी नोंदवही घातली आहे. पाळीपाळीने दोघं दाराशी बसतात, घड्याळ बघून लिहितात. मी डोकावलो की चौकशी लगेच पेन उचलते. सरांची प्रत्येक हालचाल टिपणारी मुलं आजकाल मिळत नाहीत. मन भरून आलं.

संकल्प: या आठवड्यात खोका.

५ मार्च, गुरुवार
परिपाठाच्या वेळी, कुणी नसताना, बाक ओढून वर चढलो. हात खोक्याला लागला आणि चिमणी भुर्रकन झडपेतून बाहेर. तेवढ्यात पोरं आली. सगळी दहा पावलांवर उभी राहिली, मीही जाऊन त्यांच्यात उभा राहिलो. पाच मिनिटं. दहा. पंधरा. चिमणी येईना. पुढच्या रांगेतली एक बुटकी मुलगी रडायला लागली. मला फार वाईट वाटलं. अंडी गार होत असतील असंच सारखं मनात येत होतं.

अठराव्या मिनिटाला आली एकदाची. माझ्या अंगाला घाम.

तरीसुद्धा चूक तिचीच. एवढ्या मोठ्या शाळेत तिला हाच खोका सापडला?

९ मार्च, सोमवार
नवा प्लॅन. कार्डं परत रंगवायची. पाच दिवस, चाळीस पक्षी. रोज आठ. सहज होतील. साचा तर आहे.

साचा खोक्यात आहे.

संध्याकाळपर्यंत दीड पक्षी. अर्ध्याला डोळा हवाय. बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली की मुलं एवढं काय काय लिहितायत, तेच ने ना प्रदर्शनाला. तिला या क्षेत्रातलं काही कळत नाही. कप उचलला तेव्हा दीडावर चहाचा डाग. आता हाही गरुड.

१० मार्च, मंगळवार
पिल्लं निघाली. चारातली तीन. चौथं अंडं तसंच आहे. ते कोणत्या दिवशी गार पडलं हे कुणी मला विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

पाचवी ब अख्खी मधली सुट्टी तोंडातून अवाक्षर न काढता बसली होती. वर्ग कुठे गेला म्हणून मोठ्या बाई शोधत आल्या. सतरा वर्षं घसा फोडून मला ही शांतता मिळाली नाही. चिमणीला फुकटात.

१३ मार्च, शुक्रवार
शाळा सुटताना चौकशी नोंदवही घेऊन आली. वर्तमानपत्राचं कव्हर, वर चिमणीचं चित्र. म्हणाली, सर, उद्या न्या, आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. चित्र बरं होतं. निदान तोंड चिमणीचं होतं. मी प्रेमाने समजावलं की प्रदर्शनात साहित्य लागतं बेटा, वह्या नव्हे. तिने वही दप्तरात ठेवली आणि गेली.

१४ मार्च, शनिवार
टेबलावर दीड पक्षी आणि सुंदर अक्षरातली पाटी: 'साहित्य सध्या वापरात आहे.' कल्पना माझी. येणारे वाचून हसत होते, म्हणजे लक्ष वेधलं जात होतं. शेजारच्या टेबलावर फिरणारी सूर्यमाला. मोटर लावून कोणीही ग्रह फिरवेल.

परीक्षक बाई वयस्कर, चष्मा गळ्यात. वापरात म्हणजे कुठे, असं त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, खोका, चिमणी, अंडी, पिल्लं. त्या खुर्ची ओढून बसल्याच. मुलांनी याची काही नोंद ठेवली आहे का, म्हणाल्या. दिवस, वेळ, काहीही? मी म्हटलं, हो तर! तीन आठवड्यांची! त्यांनी हात पुढे केला. म्हणाल्या, बघू.

हात बराच वेळ तसाच होता.

मी त्यांना दीड पक्षी दिले.

२८ मार्च, शनिवार
मधले दोन आठवडे लिहिलं नाही. कामं होती.

निकाल: सूर्यमाला. जूनपासून मला पुन्हा पाचवी ब, शिवाय पाचवी अ. मोठ्या बाई म्हणाल्या की तुमच्या वर्गात शिस्त फार चांगली आहे.

पिल्लं बुधवारी उडाली. आज शिपाईकाकांनी खोका उतरवला. स्टूल दुरुस्त झालेलं दिसतं. चाळीस कार्डांचा एक लगदा झालाय. वाण्याची यादी तेवढी वाचता येते.

चौकशीने वही तपासायला दिली. दुपारी कुणी नव्हतं, सगळी वाचली. आई तासाला किती वेळा चारा आणते. बाबांच्या गळ्याखाली काळं असतं, आईच्या नसतं. हे मला माहीत नव्हतं. पाच तारखेच्या पानावर फक्त एवढंच: १८ मिनिटं.

शेवटच्या पानावर निष्कर्ष. 'चिमणी कोणाला घाबरते: १. सर २. मांजर ३. कावळा.'

दहापैकी नऊ मार्क दिले. क्रम चुकला म्हणून एक कापला. मांजर आधी हवं.

मग खात्री करायला मागची पानं मोजली. मांजर दोनदा आलं होतं. मी एकतीस वेळा.

मार्क परत दिला.