घरात आम्ही तिघं

प्रिय ठमी,

आधी एवढं वाच, मग बाकीचं. बाबा सुधारत आहेत. ताप उतरला, नाकातली प्राणवायूची नळी काल काढली आणि आज सकाळी चहा पाणचट आहे म्हणून ते नर्सबाईंशी भांडले. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

सुरुवात साध्या खोकल्याने झाली. मग डोकं ठणकायला लागलं, ताप चढला आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर ते धापा टाकत बसले तेव्हा मी कुणाचं न ऐकता त्यांना इस्पितळात आणलं. छातीच्या फोटोत एक बाजू पांढरी दिसली. क्षयाची शंका म्हणून त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं. मी आपली मास्क लावून दाराशी. थुंकी तपासली, रक्त तपासलं, जंतू काही सापडेना. भारी इंजेक्शनं चालू होती (त्यांच्या किमती विचारू नकोस, मी टिपून ठेवल्यात आणि वही मिटून टाकलीय), पण ताप हटून बसलेला. मोठे डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत असंच राहिलं तर श्वासाचं यंत्र लावावं लागेल. मी देवाला म्हटलं, आजवर हात राखून मागत आले, ते सगळं आता एकदम दे.

त्याच दिवशी संसर्गाच्या आजारांची डॉक्टर आली. तुझ्याच वयाची असेल. तिने खुर्ची ओढून घेतली आणि निवांत विचारत बसली. कुठे प्रवासाला गेला होतात का, पाणी कुठलं पिता, घरात कोण कोण असतं. मी म्हटलं, आम्ही तिघं. तिने कागद पाहिला. म्हणाली, काकू, इथे तर दोघंच लिहिलंय, तिसरं कोण? मी म्हटलं, आमचा राघू. तिचं पेन जागच्या जागी थांबलं.

अगं, पहिल्याच दिवशी विचारलं होतं त्यांनी, घरात काही पशुपक्षी आहे का म्हणून. बाबा नाही म्हणाले आणि शेजारी उभ्या उभ्या मीही मान हलवली. पिल्लू असताना तू आणलेला, तुझ्या ताटातलं खाऊन वाढलेला. त्याला पक्षी म्हणायचं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. महिनाभर तो पिसं फुगवून मलूल बसायचा, तर मी म्हणायची, थंडी बाधली असेल.

पिंजरा कोण साफ करतं, तिने विचारलं. मीच, नाकाला फडकं बांधून, ओल्या पोतेऱ्याने. आणि काका? मी सांगितलं, त्यांचा काही संबंध नाही. मुलगी स्वतःच्या मनाने लग्न करून गेली, त्या दिवसापासून ते पिंजऱ्याकडे बघतसुद्धा नाहीत. तिचा विषयसुद्धा घरात काढायचा नाही. तिने माझी छाती तपासली, ती स्वच्छ निघाली. मग म्हणाली, काकू, जरा बाहेर बसता का?

बाहेर आली तेव्हा मास्कच्या वर तिचे डोळे हसत होते. म्हणाली, तुम्ही दुपारी प्रार्थनेला गेलात की घरात दोन मंडळींची चंगळ असते. बाबा दार लावून राघूला खांद्यावर घेतात. सूर्यफुलाची बी ओठांत धरतात आणि तो चोचीने ती अलगद काढून घेतो. आणि मी मेली, बिया कशा संपतात म्हणून उंदरांवर आळ घेत होते.

आजार पाखराकडूनच आला होता. पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून छातीत जाते म्हणे, आणि नेहमीच्या तपासण्यांत हा जंतू सापडत नाही. तिने खास तपासणीला नमुना पाठवला, पण निकालाची वाट न बघता गोळी बदलली. इतकी साधी, स्वस्त गोळी की मी दुकानदाराला दोनदा विचारलं, हीच ना? दोन दिवसांत कपाळ गार लागलं. निकालही नंतर तसाच आला.

औषध राघूलाही चालू झालंय. ते पूर्ण होईपर्यंत तो जनावरांच्या डॉक्टरांकडेच राहील. मी मास्क लावून, पिंजऱ्यावर चादर टाकून त्याला पोचवायला निघाले, तर भर रस्त्यात चादरीखालून बाबांचा आवाज आला. "ठमे, जेवलीस का?" आणि पाठोपाठ त्यांचं ते खाकरणं, जसंच्या तसं. मी तिथेच उभी राहिले. राघूला एक शब्द शिकवताना तुझे किती महिने गेले होते, आठवतं ना? मग हे त्याने किती दुपारी ऐकलं असेल, तूच बघ.

आता ते घरी येतील आणि पिंजऱ्याची जागा रिकामी असेल. दुपारी विचारायला कुणी नसेल. म्हणून त्यांना न सांगता हे लिहितेय. तू ये. जावयांनाही घेऊन ये. दारात ते काही बोलणार नाहीत, पेपर तोंडासमोर धरतील, खाकरतील. तू गुपचूप समोर बसून राहा. आणि येताना जेवून येऊ नकोस.

दाराकडे कान लावून बसलेली,
तुझीच
आई