कानशीनं घासलेलं नाव

अमरावती, १२ नोव्हेंबर १९५८

आज आजोबांचं रिव्हॉल्व्हर घेऊन अकोल्याच्या बंदूकवाल्याकडे गेलो होतो. ते विकल्याशिवाय माझ्या बायकोचं, शांताचं, नागपूरचं ऑपरेशन होत नाही. त्यानं भिंग लावून नळीवरचा घासलेला पट्टा पाहिला.

"इथं कंपनीचं नाव अन् नंबर होता. काहून घासलं जी, मास्तर?"

बेचाळीसच्या दसऱ्याला मीच घासलं. शस्त्रपूजेत इंग्रजाचं नाव नको, असं अर्धा तास गरजलो आणि सगळ्यांसमोर कानस चालवली. केवढ्या टाळ्या!

"नाव राह्यलं असतं, तं जुनी हत्यारं जमवणाऱ्या हौशी लोकायनं मागाल ते देलं असतं. आता बिननंबरी माल घेतला, तं मलेच आत टाकतीन."

मी चुकलो का? इंग्रजाचं नाव आजही घासलं असतं. पण शांता? डॉक्टर म्हणतात, महिनाभरही थांबू नका. तो गुळगुळीत पट्टा अजून बोटाला जाणवतोय.

घरी येऊन तिला सगळं खरं सांगितलं. "तवा टाया वाजवणाऱ्यात मीच पयली होती," ती म्हणाली आणि पोट दाबून धरत हसली. आता ऑपरेशनचं काय, हे तिनं विचारलंच नाही.