दोन नळ्यांची बंदूक

२४ सप्टेंबर २००६, रविवार
मला बंदुकीतलं काय कळतं म्हणे. पोटचा पोरगा, मनोज, पुण्यातून फोनवर हे बोलतो. त्याच्या बापाच्या बंदुकीला फडका कोण मारायचं?
हे मार्चमध्ये गेले. लायसन त्यांचं. पोलीस म्हणाले, दसऱ्यानंतर जमा करा नाहीतर विका. विकणार. ठरलं.
साधी बंदूक न्हाय. वरची नळी जाड, छऱ्याच्या काडतुसाची. खालची बारीक, पॉइंट बावीसची रायफल. अशी आमच्या अख्ख्या कोन गावात न्हाय. दोन लाख कुठे गेले न्हाईत.
वारस म्हणून मनोजची सही लागते. म्हणजे यावं लागेल. त्यासाठी विकत न्हाय मी. एकटीचं माझं झकास चाललंय.

२७ सप्टेंबर
अंबाडीचा लडकू आला. त्याच्याकडे लायसन हाय. म्हणाला, कमळवयनी, जुना माल हाय, वीस हजार देतो. म्हटलं, वीस हजारात म्हैस घे. चहा न पिता गेला.
शेजारच्या सीताबाईने विचारलं, गिऱ्हाईक हाय का? तीन आहेत, सांगितलं.

१ ऑक्टोबर
कल्याणचा बंदुकवाला हरीभाऊ बुधवारी किंमत करायला येणार. फोनवर म्हणाला, आहे तशी राहू द्या. आहे तशी म्हणजे काळीकुट्ट? पाहुण्यासमोर मळकी वस्तू ठेवायची आमच्यात रीत न्हाय. चिंच लावली, राख लावली. काळं हटेना. मग बाजूच्या पॉवरलूम कारखान्यातल्या फिटरकडून पॉलिश पेपर आणला. चार तास घासली. आता चांदीसारखी. तीन लाख सांगायला हरकत न्हाय.

२ ऑक्टोबर, दसरा
वर्षाच्या आत सण करत न्हाईत. पण हत्याराला दुखवटा कसला? झेंडू वाहिला. दरवर्षी बाप-लेक पूजेला बसायचे. आपट्याचं सोनं कोणाला देणार, बंदुकीलाच दिलं. मनोजचा फोन न्हाय. लाइन खराब असेल.

४ ऑक्टोबर, बुधवार
हरीभाऊने बंदूक मांडीवर घेतली, नळीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, खूश झाला. मग म्हणाला, वहिनी, जुन्या बंदुकीचा तो काळा रंग आणि नळीवरचं कंपनीचं नाव, किंमत त्याचीच असते. तुम्ही टोप घासतात तशी घासलीत. केसरीनाथशेठ असते तर रडले असते.
म्हटलं, ते असते तर मी विकली असती का?
आठ हजार म्हणाला. याला काही कळत न्हाय. तरी दोनदा चहा दिला, पोहे दिले. तासभर बसला. माणूस वाईट न्हाय.

६ ऑक्टोबर
लडकूला फोन केला. त्याने दुसरी घेतली.

८ ऑक्टोबर, रविवार, सकाळी दहा
मनोजचा फोन. तीन लाखाचं गिऱ्हाईक हाय, सहीला समोर यावं लागतं, सांगितलं. म्हणाला, आई, मी हरीभाऊंशी बोललो. कागद कुरियरने पाठव, सही करून परत पाठवतो. आठ हजारासाठी यायचं कशाला? सुनेला, विनिताला, दे म्हटलं तर ती आंघोळीला गेलेली.
बोलताना राग येतो, मुद्दा राहतो. म्हणून लिहून ठेवते. उद्या फोनवर हेच वाचून सांगणार:
मनोज, कुरियरवाल्याला मी दार उघडणार न्हाय. बंदूक फुकट गेली तरी चालेल. दिवाळीला तू येतोस की न्हाय, ते मला येत्या रविवारपर्यंत, पंधरा तारखेपर्यंत, सांग.