दोन बोटं खाली

३ मार्च
स्टूल पुन्हा खाली! दोन बोटं. दांड्यावर मी खडूने खूण केली आहे, त्यामुळे माझी चूक नाही. माझ्या ड्रमवर दुसरं कोणी बसतं. आम्ही सराव करतो त्या बंकरच्या किल्ल्या बँडमधल्या आम्हा चौघांकडेच आहेत.

४ मार्च
स्यूरला विचारलं. गिटारला तार लावत होता. "उंदीर असेल."
"उंदीर स्टूल फिरवतो?"
"आपल्या ब्र्यूने गावचे उंदीर तुझ्यापेक्षा जास्त शिकलेत."
तोर्केल, आमचा गायक, अशा वेळी सगळ्यात मोठ्याने हसतो. आज नुसता थर्मासमधलं गरम पाणी पीत बसला.

९ मार्च
मला काढणार — दुसरा अर्थ लागत नाही. पण मग नव्या गाण्यांची यादी मला का दिली?
माझ्या चुका लिहून काढल्या. पंकच्या भागात पुढे पळतो. ब्लॅक मेटलच्या वेगात डावा पाय मागे राहतो. जुन्या रॉकचा ठेका आला की, आई म्हणते, "अगदी बापासारखा वाजवतोस." बाबा शनिवारच्या नाचाला वाजवायचे. ही स्तुती आहे का, कळत नाही.
शाळा सोडली ती या बँडसाठी. हे गेलं तर बटाट्याचा कारखाना, बस.

१२ मार्च, गुरुवार
आईने कोमले, बटाट्याचे उकडलेले गोळे, केले होते. दोनच गेले.
"अरे, तोंडाने विचार की त्यांना."
"आपल्याकडे असं कोण विचारतं?"
"कोणी नाही. म्हणूनच सगळे असे बसलेत."

१५ मार्च
विचारायचं ठरवून लवकर गेलो. आत ड्रम वाजत होते. वाईट वाजत होते. दार उघडलं — स्टुलावर तोर्केल. माझ्यापेक्षा वीतभर बुटका.
शेजारी उभा स्यूरच बोलला. "डॉक्टर याला म्हणाला, आणखी किंचाळलास तर आवाज कायमचा जाईल. पण हे गाढव बँड सोडायला तयार नाही. आधी ठेका जमू दे, मग तुला सांगू म्हणे."
"मग मी?"
त्याने रेकॉर्डिंग लावलं, फक्त ड्रमवरच्या माइकचं. झांजांच्या मागे कोणीतरी किंचाळत होतं. एकही शब्द चुकत नव्हता.
"हा कोण?"
"तू. वाजवताना किंचाळतोस, तीन वर्षं झाली. आम्हाला वाटलं, तुला माहीत आहे."
तोर्केल कुजबुजला, "माझ्यापेक्षा भेसूर आहेस, हरामखोर."

१६ मार्च
जेवताना मीठ हवं असलं तर मी उठून घेतो. मागत नाही. आणि ते लोक म्हणतात, आता माइकपुढे तू —

२० मार्च
आज स्टूल मीच दोन बोटं खाली केलं. खडूची खूण पुसली.