मालतीबाईंचा हात

विश्रांतवाडी, रविवार संध्याकाळ

डोकं भणभणतंय. सोसायटीच्या सभेत आज ठराव झाला, परप्रांतीय भाडेकरू नकोत. म्हणजे माझ्या वरच्या मजल्यावरची रीना नको. आसामची नर्स, एकटी राहते, पायांचा आवाजसुद्धा नसतो.

मी उभी राहून विचारलं, "इथे पुण्यात जन्मलेले किती?" एकही हात वर नाही. सेक्रेटरी हसले. "मॅडम, आपण सोलापूर-लातूरचे. आपलं वेगळं." वेगळं! माझ्या वडिलांनाही याच शहरात आडनाव ऐकून खोली नाकारली होती. मला शाळेत शिकवणाऱ्या सिस्टर केरळच्या, त्यांच्याविरुद्ध ठराव करायचं तेवढं राहिलं.

मग मतदान. शेजारच्या मालतीबाईंनी हात वर केला. दर रविवारी रीनाकडून फुकट बीपी मोजून घेतात. सकाळीच पट्टा बांधून घेतलेला हात! लाज कशी वाटली नाही?

रीनाला मीच सांगितलं. ती नुसती हसली. "आंटी, हिंजवडी में देख लूँगी. उधर सब बाहर के हैं, कोई नहीं पूछता."

तिकडे एका मजल्यावर पाच राज्यं. इकडे आता नवा चेहरा येणार नाही. राहू आम्ही, एकमेकांना ओळखणारे. आज तर जरा जास्तच ओळख पटली.