हवं भागिले हातातलं

प्रिय ठकू,

सकाळी तुझा फोन आला तेव्हा माझ्या हातांत रबरी हातमोजे होते, म्हणून दोनच वाक्यं बोलले. धुक्यामुळे विमान रद्द झालंय, उद्या संध्याकाळशिवाय पोचत नाही, असं तू रडत रडत सांगत होतीस आणि मी ‘बरं, जपून ये’ म्हणून फोन ठेवून दिला. तुला वाटलं असेल, आई नेहमीसारखी ड्यूटीवर असल्यागत बोलली. ड्यूटीवरच होते गं. बाबांची पाठ पुसत होते आणि ते उशीचा अभ्रा दातांत धरून पडले होते.

घर तुला ओळखू येणार नाही. सोफा शेजारच्या काकूंकडे ठेवलाय आणि बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून हॉस्पिटलची कॉट लावलीय. ती दारातून आत येता येईना. हमाल घामाघूम झाले, तर बाबा खुर्चीतून म्हणतात कसे, ‘आधी तिच्याशी गोड बोला, मग तिरकी करा.’ जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्या, आत अडकलेल्या माणसांना विनोद सांगत बाहेर काढलं, ती खोड जाते कुठे? त्यानंतर मात्र ते खुर्चीत बसलेले नाहीत. आजार मणक्यात उतरलाय, हे तुला फोनवर सांगितलं होतं. म्हणजे काय, ते नव्हतं सांगितलं. कुशीवर वळवायचं म्हटलं तरी त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहतात.

गोळ्या पोटात टिकेनाशा झाल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सिरिंज पंप आणून दिला. चष्म्याच्या डबीएवढं यंत्र आहे. औषध भरलेली सिरिंज त्यात बसवायची आणि ते दिवसभर मुंगीच्या पावलांनी ती ढकलत राहतं. औषध मी रोज सकाळी भरते. वॉर्डात असलं औषध एकटीने भरायची सोय नसते. दुसऱ्या सिस्टरने तोच हिशोब आपला आपण करायचा, दोघींची उत्तरं जुळली तरच सुई पुढे. घरात दुसरी सिस्टर कुठून आणू? मग बाबांनाच नेमलं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवतात तेच त्यांना शिकवलं: जेवढं हवं, भागिले जेवढं हातात आहे. रोज मी म्हणायचे, ‘हवेत साठ मिलिग्रॅम, एका मिलीत आहेत पंधरा.’ ते डोळे मिटूनच म्हणायचे, ‘चार मिली. वर सलाइन घालून चोवीस कर, तासाला एक सोड. पास, सिस्टर!’ काकूंना सांगायचे, ‘हिने संसारसुद्धा मिलिग्रॅममध्येच केला हो.’ खरं सांगू? त्या भागाकारापुरते ते आजारी नसायचे. मला तेवढा वेळ दिवसभर पुरायचा.

परवा डॉक्टरीणबाई आल्या. दुखणं औषधाच्या पुढे पळतंय, हे त्यांनाही दिसलं. त्यांनी दुखण्याचं औषध साठाचं नव्वद केलं आणि शेजारी झोपेचं औषध लिहिलं. बाबांना ऐकू जाईल असंच बोलल्या. ‘सहन होईनासं झालं की मला फोन करा, मग सुरू करू. पण एकदा सुरू केलं की बोलतील अशी आशा धरायची नाही, सिस्टर.’ मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, ‘ठकू येईपर्यंत नाही.’ बाई म्हणाल्या, तोवर निदान नव्वद तरी करू या. त्यालाही नको म्हणाले. ‘गुंगी येते. मला डोकं ठिकाणावर हवंय.’

तुमच्या दोघांतलं मी कधी उकरून काढलं नाही. तू घर सोडलंस त्या दिवशी दारात काय बोलणं झालं, ते ना त्यांनी सांगितलं ना तू. मी ड्यूटीवरून परत आले तेव्हा तुझी खोली रिकामी होती आणि हे नळाचा वायसर बदलत बसले होते. तेव्हापासून फोन उचलला की ‘आईला देतो’, संपलं. तरी तुझा फोन येऊन गेला की तासाभराने सहज विचारल्यासारखं विचारायचे, ‘काय म्हणत होती?’ काल मी न राहवून म्हटलं, ‘अहो, तिला जे सांगायचंय ते माझ्याजवळ सांगून ठेवा.’ म्हणाले, ‘तुझं नाहीये ते. तिचं आहे.’

आज तुझा फोन झाल्यावर मी त्यांना सांगितलं, उद्या संध्याकाळी. ‘चालेल,’ म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. दुखणं उसळलं की पंपाशिवाय वरून द्यायचे मधले डोस मी देत होते, जेवढे द्यायची मुभा आहे तेवढे सगळे दिले. चादर बदलायला वळवलं आणि ते ओरडले. ठकू, मी पस्तीस वर्षं वॉर्ड केलाय, माणसाचा असा आवाज मला नवा नाही. पण आपल्या माणसाचा तो आवाज ऐकणं वेगळं. काकू दारापर्यंत आल्या आणि परत फिरल्या. थोडं शांत झाल्यावर मी रोजच्यासारखं म्हटलं, ‘हवेत साठ, एका मिलीत पंधरा.’ ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘ठकू शाळेतून आली नाही का अजून?’

मी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, सुरू करा, संध्याकाळी मी येतेच. बाबांच्या कानाशी जाऊन विचारलं, ‘झोपेचं औषध सुरू करू का हो?’ त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. ते हो होतं की नाही होतं, मला कळलं नाही. मी हो धरलं. दुखण्याचं नव्वद भागिले पंधरा, सहा मिली. झोपेचं वीस भागिले पाच, चार मिली. मोठ्याने म्हटलं, तीनदा म्हटलं. उत्तर बरोबर होतं, पण पास म्हणायला कोणी नव्हतं. फोनवरून बाईंना वाचून दाखवलं, त्या ‘बरोबर’ म्हणाल्या, आणि मी बटण दाबलं. दुपार होईतो कपाळावरची आठी गेली. कित्येक महिन्यांनी त्यांचा जबडा सैल झालेला पाहिला. आता मी त्यांच्याजवळच बसून लिहितेय. श्वास संथ आहे.

हे पत्र काकू उद्या तुला जिन्यातच देतील. आधी वाच, मगच आत ये. तू हाक मारशील आणि ते ओ देणार नाहीत, तेव्हा तुला वाटेल, थोडक्यात चुकामूक झाली. चुकामूक नाही झाली, ठकू. ते तुझ्यासाठी थांबले होते आणि त्यांचं थांबणं मी थांबवलं. तुला विचारलं नाही, कारण तू ‘एक दिवस थांब ना’ म्हणाली असतीस आणि मी थांबले असते. त्यांना काय सांगायचं होतं ते मला माहीत नाही. काहीतरी गोड रचून सांगता आलं असतं, तुला खरंही वाटलं असतं. पण त्यांच्या तोंडी मी माझे शब्द घालणार नाही. ते गेलं, आणि ते माझ्या हातून गेलं. रागावायचं तर रागाव, हवं तेवढं, हवी तितकी वर्षं. फक्त खोलीच्या बाहेर. आत आलीस की त्यांच्या उजव्या बाजूला बस आणि तो हात धर. डाव्या दंडाला सुई आहे.

तुझीच,
आई