जिऱ्याची पुडी

अल्लीपूर, रविवार, ९ फेब्रुवारी २००३

श्री. रा. रा. भैय्याजी यांना भाटव्याचा, म्हणजे प्रभाकरचा, सादर नमस्कार. वहिनींची कंबर आणि तुमच्या मेडिकलचं शटर, दोन्ही एकदाची सरळ झाली असतील. तुमची बहीण सुलोचना माझ्या संसारात मजेत आहे. माझं मात्र डोकं ठिकाणावर नाही आणि त्याला तुम्ही पाठवलेला खोका कारण आहे.

तुमच्या आग्रहावरून किराणा दुकानात कंडोम ठेवायला लागलो, तेव्हापासून गावातल्या पुरुषांनी ते नाव घेऊन मागितल्याचं मला आठवत नाही. गिऱ्हाईक येणार, डाळीचा भाव विचारणार, बाया गेल्या की पंख्याकडे पाहत म्हणणार, "जिऱ्याची पुडी द्या." (खरं जिरं हवं असलेला बिचारा "खायचं जिरं" म्हणतो.) पण एड्सवर भाषणं द्यायला हीच मंडळी पुढे! डास चावून होतो म्हणे. आमचा रूपराव ट्रक चालवतो. आपल्याला हा आजार आहे हे त्यानं स्वतःच सांगितलं, तर चौकातल्या हॉटेलवाल्यानं त्याचा कप वेगळा ठेवला. आणि हा हॉटेलवाला शहाणा स्वतः एकावर एक दोन कंडोम चढवतो, "डबल सेफ" म्हणून! अहो, घासून दोन्ही फाटतात, हे सांगून माझा घसा बसला.

गेल्या आठवड्यात लग्नासाठी आंजीला गेलो आणि दुकान मायच्या ताब्यात दिलं. (आमच्या मातोश्री शकुबाईंचा कारभार तुम्ही जाणताच.) तिनं खोका उघडला, शांपूच्या पुड्या टांगतात तशा याही टांगाव्या असं ठरवलं आणि लिंबू-मिरची ओवायचं दाभण प्रत्येक पाकिटाच्या बरोबर मधून घालून झकास माळ केली. मी परतलो तेव्हा अर्धी माळ खपली होती. "मागाले लाजतेत बिचारे," माय म्हणाली, "म्हून समोर लटकवलं. बोट दाखोते अन् नेते." मी एकात पाणी भरून पाहिलं, तर मधोमध धार लागली. मी कपाळावर हात मारून घेतला.

आता विकलेला माल परत कसा मागवायचा? पाटीवर खडूनं लिहिलं : "आठ दिवसांत नेलेली जिऱ्याची पुडी वापरू नये. बदलून मिळेल." संध्याकाळपर्यंत गावभरच्या बाया खरं जिरं घेऊन हजर! कोणी म्हणे त्यात उंदीर मेला, कोणी म्हणे विष कालवलं. एकीनं तर पातेलंभर वरण फेकून दिलं आणि त्याचाही जाब मलाच विचारला. पुरुष सगळे पंख्याकडे पाहत राहिले. एकानं तेवढं हळूच विचारलं, "एवढ्याशा भोकानं काय होते जी?" (तेही मित्रासाठी.) भैय्याजी, डासाच्या सोंडेला घाबरणारी माणसं दाभणाच्या भोकाला घाबरत नाहीत!

भरल्या दुकानात नाव घेऊन बोलला तो एकटा रूपराव. "प्रभाकरभाऊ, निरोध फुटका हाय काय? मी त्यातलेच नेलते." दुकान क्षणात रिकामं झालं. त्याची बायको धुरपता, तिच्या तपासणीत मागच्या वेळी काही निघालं नव्हतं. ते तसंच राहावं म्हणून तर हा माणूस लाज सोडून दुकानात येतो. आणि माळेतले त्यांनी वापरलेले आहेत. मी त्याला बसवून आमच्याच कपात चहा दिला. मला मायचा, गावाचा, स्वतःचा, सगळ्यांचा संताप आलाय आणि खरं सांगतो, भीतीही वाटते आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
प्रभाकर

ता. क. नवा खोका तारीख पाहून आणि उन्हात न ठेवलेला द्या. मायला वाचता येत नाही, तेव्हा वर दाभणाचं चित्र काढून त्यावर मोठी फुली मारा.

ता. क. दुसरा. खरं काम हे. धुरपताची तपासणी आजच करायची आहे आणि तीन महिन्यांनी पुन्हा. मोठ्या दवाखान्यात तुमची ओळख आहे, सोबत जा. दिवाळीत रूपराव भेटायला येतोय हे ऐकताच तुम्ही चहा अर्धा टाकून एसटी गाठली होतीत, म्हणून तुम्ही त्याला ओळखत नाही. हे पत्र ज्यानं तुमच्या हातात दिलं, तोच रूपराव. त्याच्या खिशातून आलेला कागद तुम्ही शेवटपर्यंत वाचलात, काही झालं नाही. आता मान वर करा आणि दोघांना आत घ्या. चहा घरच्या कपात द्या, आणि सोबत खायलाही काही द्या. धुरपतानं कालपासून घास घेतलेला नाही.